रविवारची बोटं

तिसऱ्या रविवारी पुन्हा बोटं उठली, तेव्हा हल्लूमाने शेजारच्या शाद्लियाला हाक मारली आणि नातवाचा सदरा वर करून पाठ दाखवली.

दोन वर्षांचा इयाद पालथा पडून कण्हत होता. खांद्यांखाली भाजल्यासारखे तांबडे पट्टे होते, त्यांवर पाणी भरलेले फोड. पट्टे एकमेकांत मिसळले होते, पण बोटांचे आहेत हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"हे पुरळ नव्हे बाई," शाद्लिया म्हणाली. "हे माणसाचं काम."

"मी काही बोलले का? मी नुसतं दाखवलं."

सून सोंदुस चुलीपाशी उभी होती. तिने दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा पातेल्यात डाव घातला.

हल्लूमाचा हिशेब सरळ होता. सोमवार ते शनिवार सोंदुस शिवणकारखान्यात जायची आणि पोर आजीकडे असायचं. सहा दिवस अंगावर नवा ओरखडा नाही. रविवारी आई घरी, आणि नेमकं रविवारीच हे.

आणि हल्लूमाला पोरं वाढवायला कुणी शिकवायचं नव्हतं. पाच वाढवली तिने, एकालाही कधी गळू आलं नाही. लहानपणी तेलाच्या घाण्यात उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं, तरी रव्याचा कुसकुस तिच्याइतका बारीक अख्ख्या गल्लीत कुणी वळत नसे. तिची पाचही सावळी, त्यांना कुणाची नजर लागणार होती. हा नातू मात्र आईवर गेलेला, गोरापान. म्हणून दर शुक्रवारी त्याचं न्हाणं तिने स्वतःकडेच ठेवलं होतं. कोमट पाणी, दृष्ट लागू नये म्हणून अंगणातल्या सतापाचा पाला चुरडून पाठीवरून हात, ऊन तापायला लागल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, तासभर उघड्या अंगाने अंगणात खेळ, मग उकडलेलं अंडं. पोर खिदळत असायचं.

सोमवारी सासू-सून त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीण तरुण होती. तिने फोड पाहिले, मग सोंदुसला पाहिलं.

"काल काय झालं? गरम पाणी सांडलं? नवा साबण, मलम, काही लावलं?"

"काल काहीच नाही," दोघी एकदम म्हणाल्या. ते खरंच होतं.

"तुम्ही काम काय करता?"

"शिवणकारखान्यात असते," सोंदुस म्हणाली. "इस्त्रीवर."

डॉक्टरणीचं लिहिणं थांबलं. "काल मूल कुणाजवळ होतं?"

"माझ्याजवळ."

डॉक्टरणीने पुन्हा लिहायला घेतलं आणि मान वर केली नाही. हल्लूमाला तेवढं पुरलं.

गुरुवारी मुलगा मोंजी ट्रक घेऊन सफाक्सहून परतला. चपला काढायच्या आत त्याला सगळं कळलं. त्याने पोराची पाठ पाहिली आणि खाली बसला.

"शपथ घेते," सोंदुस म्हणाली. "मी त्याला कधी चापटसुद्धा मारलेली नाही. माझा हात ठेवून बघा त्या डागांवर. बघा तरी."

"हात मापायला मी काय शिंपीण आहे?" हल्लूमा म्हणाली. "कारखान्यात इस्त्री फिरवून हौस फिटत नाही वाटतं."

"उम्मी, असं बोलू नका," सोंदुस सासूला म्हणाली.

"मग कसं बोलू? सुईणीला विचारू, पोर तुझंच आहे ना म्हणून?"

मोंजीने पोराचा सदरा खाली ओढला. "थोडे दिवस माहेरी जा," तो म्हणाला.

"आणि इयाद?"

"इयाद उम्मीजवळ."

सोंदुस रडली नाही. तिने दोन कपडे पिशवीत भरले. तिचा भाऊ न्यायला आला तेव्हा ती दारात थांबली. "उम्मी, त्याला उताणा निजवू नका. फोड फुटतील."

"तू मला शिकव," हल्लूमा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मोंजी पहाटेच ट्रक घेऊन गेला होता. घर कसं शांत होतं. हल्लूमाने नातवाला न्हाऊ घातलं. जाणारी बाई आपली नजर मागे ठेवून जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने सतापाचा पाला दुप्पट खुडला आणि रस निघेस्तोवर तळहातात चुरडला. खांद्यांवर फोड होते, तिथे तिने हात लावला नाही. खाली कमरेवर कोरी जागा होती. तिथे पंजा टेकवला आणि येतील तेवढ्या सगळ्या दुआ पुटपुटून होईपर्यंत हलवला नाही. मग त्याला अंगणात उन्हात सोडलं. तो कोंबडीमागे धावत सुटला.

शनिवार बरा गेला.

रविवारी सकाळी हल्लूमाने भिंतीवरून आवाज दिला. "शाद्लिया, ये गं. आज रविवार आहे. आई घरात नाही. ये आणि डोळ्यांनी बघून जा पोराची पाठ, म्हणजे उद्या गल्लीत कुणी म्हणायला नको की हल्लूमाने सुनेवर आळ घेतला."

शाद्लिया ओले हात पुसत आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. हल्लूमाने इयादला मांडीवर पालथं घेतलं. तो कण्हला. तिने सदरा वर केला.

शाद्लियाने एकदा पोराच्या कमरेकडे पाहिलं, आणि मग सदरा धरलेल्या हल्लूमाच्या उजव्या हाताकडे.

कमरेवर, शुक्रवारी सतापाचा रस लागून ऊन पडलं होतं तिथेच, आख्खा पंजा उठला होता, यावेळी कुठेही न पुसटलेला. अंगठा आणि तीन बोटं पूर्ण होती. मधलं अर्ध्यावर संपलं होतं.