घानाचा झेंडा

घानाचा संघ तिसरा साखळी सामना हरून वर्ल्ड कपातून बाहेर पडला. तालमीतला टीव्ही बंद झाला, तशा सगळ्यांच्या नजरा चौकातल्या खांबाकडे वळल्या.

गल्लीतला नियम मीच पोरांना शिकवलेला. ज्याने ज्या देशाचा झेंडा बांधला, त्यानेच तो देश हरून बाहेर पडल्यावर उतरवायचा. घानाचा झेंडा रणजितने बांधला होता. पहिला सामना झाल्यावर दोनच दिवसांनी त्याला हार्ट अटॅक आला आणि तो गेला.

"राहू दे की, गुरुजी," संग्राम हळूच म्हणाला. "कुणाला खुपतोय?"

मलाही तेच वाटत होतं. इतकी वर्षं शिकवलेला नियम त्या क्षणी नकोसा झाला होता.

तेवढ्यात रणजितची नऊ वर्षांची मृणाल शिडी ओढत आली. "गेल्या वेळी पप्पांनी ब्राझीलवाल्यांना एक दिवसाचीपण सूट दिली नव्हती," ती म्हणाली. "मग आपल्यालापण नको."

मी शिडी धरली, ती वर चढली. झेंड्याची काठी खांबाला सुतळीने घट्ट बांधलेली होती. संग्रामने खालून कात्री वर केली. "सुतळी काप आणि ये खाली."

"पप्पांची गाठ आहे ती."

तिने काठीवरून झेंडा तेवढा सरकवून काढला. खाली येऊन त्याची नीट घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

"नियम झेंड्याचाच आहे ना, गुरुजी?"

"हो, बाळ," मी म्हणालो. "गाठीबद्दल नियमात काही नाही."