शेजारची खाट

मध्यरात्री यमुताईंना जाग आली आणि हात सवयीने शेजारच्या खाटेवर गेला. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची कूस बदलायला त्या रोज अशाच उठायच्या. "झोप गं आता," असं ते पुटपुटले, की यमुताईंचा लगेच डोळा लागायचा.

ते गेल्यापासून जाग तेवढी यायची, गेलेली झोप काही परत येत नसे.

आज त्या उठल्या. रिकाम्या खाटेवरचा लोड त्यांनी भिंतीकडे वळवला, त्यावर पांघरूण घातलं.

मागे सून उभी होती. यमुताई ओशाळल्या.

सुनेने वाकून लोडाखालच्या चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. "बाबांना रुतायची ना," ती म्हणाली. "झोपा आता, आई."

यमुताईंचा पडल्यापडल्या डोळा लागला.