गालातली गाठ

लेकीनं हौसेनं पाळलेल्या हेजहॉगनं, त्या मूठभर काटेरी जिवानं, खाणं टाकलं, तसा गणपती शिरोलीच्या कारखान्यातली पाळी संपवून त्याला जनावरांच्या डॉक्टर प्राचीकडं घेऊन आला. भूल देऊन तिनं त्याचं तोंड उघडलं. गालात गाठ होती.

"कॅन्सरची वाटते, काका. एकाच बाजूनं खायचा का?"

"व्हय."

"लाळेतून रक्त?"

"सकाळचं येतंय की. आन् तिखट लागलं की नुसती आग होतीया."

प्राचीचे हात थांबले.

"ह्याला तिखट कोण घालतंय, काका?"

गणपतीनं गालातला तंबाखू-सुपारीचा मावा बोटानं काढून रुमालात गुंडाळला.

"आ करा," प्राची बॅटरी उचलत म्हणाली.

त्यानं जोर लावला. तोंड बोटभरच उघडलं.