छापील किंमत

"काका, तुम्ही थांबलात ते बरं केलंत!" लाल गाडीवरचं कापड ओढत शोरूममधला शार्दूल म्हणाला. "या गाडीसाठी लोक वर तीन-तीन लाख मोजतायत. तुम्ही मात्र छापील किमतीत घेऊन चाललात."

दामू गाडीच्या पुढे येऊन उभा राहिला. वडपे गावची जमीन गोदामाला देतानाही त्याने भाव असाच ताणून धरला होता आणि शेवटी स्वतःचंच खरं केलं होतं. म्हणून गणपतीआधी याच शार्दूलने "वरचे पैसे भरा, गाडी लगेच देतो" असं सांगितलं, तेव्हा दामू हसला होता. पोरगा जीवन हिरमुसून बसला, तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "फुकटचे पैसे कशाला द्यायचे? नंबर लागंल तवा घेऊ. तवर बाइक हाय ना तुला?"

आता बॉनेटवर हात ठेवून त्याने हळूच विचारलं, "तवा वरचे पैसे दिले असते, तर गाडी खरंच लगेच भेटली असती?"

"त्याच आठवड्यात! पण वाचवलेत ना तुम्ही." शार्दूल खुशीत होता. "आणि जीवनभाऊंची ती बाइक आता एक्सचेंजला टाका. चांगला भाव देतो."

दामूने बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"बाइक पोलीस ठाण्यात हाय," तो म्हणाला. "ट्रेलरखालनं पोराला काढला, तवापासनं तिथंच पडलीय."