नऊ एप्रिल

बांधकामाचं वेळापत्रक तीच सांभाळायची. मे महिन्यात लिफ्टचालकाने विचारलं, “ताई, दोर कुरकुरतोय. तपासणी कधी?” तपासण्यांच्या तारखांची एक्सेल शीट तिने मार्चमध्ये नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली होती. स्क्रीन बघून ती म्हणाली, “चार सप्टेंबरला, दादा.” “तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच,” म्हणत तो कामाला लागला. चौथ्या दिवशी दोर तुटला, लिफ्ट कोसळली आणि तो जागीच गेला. तिने जुनी शीट उघडली. तिथे होतं ९/४, म्हणजे नऊ एप्रिल. सॉफ्टवेअरने दिवसाचा महिना केला होता. शीट चढवताना स्क्रीनवर ‘तारखा तपासल्या का?’ विचारल्यावर तिने न बघताच ‘हो’ दाबलं होतं. साहेब म्हणाले, “चूक मशीनची. गप्प बसा.” संध्याकाळी चालकाची बायको त्याचा मागे राहिलेला डबा न्यायला आली. सगळं सांगायला ती पुढे झाली. “ताई, घरी तुमचं नाव फार घ्यायचे ते,” बायको म्हणाली. तिने नुसता डबा पुढे केला.