सोप्या सहली

बेलीझला छोट्या बोटीत उतरायला नेमक्या किती पायऱ्या आहेत, हे त्या उंच म्हाताऱ्याने जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवर तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या नेल्डाला राहवलं नाही.

"चार," तीच म्हणाली. "मी कालच विचारून ठेवलंय. कठडा दोन्ही बाजूंना आहे."

तो वळला. वय सत्तरीच्या पुढचं, पण पाठ ताठ, चाल खणखणीत. अशा माणसाला पायऱ्यांची काय पडलीय, असं तिला वाटून गेलं. त्याने तिच्या काठीकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे.

"तुम्ही कोणती सहल घेताय?"

"नदीतली. बसल्या जागी माकडं दिसतात म्हणे."

त्यानेही तेच तिकीट काढलं.

त्याचं नाव हॉलिस ट्रास्क. टॅम्पाहून निघालेल्या त्या जहाजावर तो एकटाच होता. नेल्डा आपल्या नणंदेबरोबर आली होती. नणंद म्हणजे बेव्ह. अडुसष्टाव्या वर्षीही तारेला लटकून जंगलावरून सूं सूं जाणारी. माहितीपत्रकात प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसांची छोटी चित्रं होती. एक माणूस म्हणजे आराम, तीन म्हणजे दमछाक. बेव्ह तीन माणसं शोधायची, नेल्डा एक.

नदीत हॉलिस नेल्डाच्या शेजारी बसला. माकडांकडे त्याचं फारसं लक्ष नव्हतं. बाक टोचतंय का, उतरताना गुडघा आतल्या बाजूला दुखतो की बाहेरच्या, उन्हाचा त्रास किती वेळाने सुरू होतो, असं काय काय तो विचारत राहिला. नेल्डा बुचकळ्यात पडली. तिने तीस वर्षं डलुथच्या टपाल कचेरीत खिडकीवर काढली होती. पार्सलवरच्या दोऱ्यावरून माणूस ओळखायची तिला सवय. हा मात्र ओळखू येईना. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिच्या गुडघ्यांची इतकी विचारपूस तिच्या डॉक्टरनेही केली नव्हती.

पुढच्या बंदरात, रोआतानला, त्याने तिलाच विचारलं, आज कुठे जायचं. तिने किनाऱ्यावर छत्रीखाली बसण्याची सहल निवडली. बस थांबताच तो भराभर पुढे गेला आणि परत आला.

"एकशे चाळीस पावलं," म्हणाला. "मधे एक बाक आहे, सावलीत."

त्यापुढच्या लिमोन बंदरात कोकोची बाग होती. वाट ओली होती, त्याने हात पुढे केला. वाटाड्याने भाजलेल्या बिया सगळ्यांच्या ओंजळीत टाकल्या. हॉलिसने वास घेतला.

"कॉरिनला हे आवडलं असतं."

"कॉरिन?"

"माझी बायको," तो म्हणाला आणि झाडांकडे बघत राहिला. तसं गप्प होणं नेल्डाच्या ओळखीचं होतं. तिने पुढे काही विचारलं नाही.

कोलोनला पोचायच्या दिवशी न्याहारीला बेव्हने विषय काढलाच.

"काय गं, तुझा पायऱ्या मोजणारा आला नाही अजून?"

"माझा काय म्हणतेस."

"मग कुणाचा? जहाजावर दुसऱ्या कुणाच्या गुडघ्यांकडे बघतो का तो?" बेव्हने काटा खाली ठेवला. "हे बघ, रॉय माझा सख्खा भाऊ होता. म्हणून मीच सांगते. सहा वर्षं पुरे झाली."

नेल्डाने पावाला लोणी लावायचं काम फार काळजीपूर्वक केलं.

कोलोनच्या सहलीपुढेही एकाच माणसाचं चित्र होतं. कालव्याच्या मोठ्या तळ्यात नौकेतून फेरफटका, मग टेकडीवर एक लाकडी मनोरा. ज्यांना चढायचं नसेल त्यांनी खाली शहाळं पीत बसावं. नेल्डा बसणारच होती. पण हॉलिस मान वर करून मनोऱ्याकडे बघत होता.

"वरून जहाजं दिसतात म्हणे," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला झेपेल?"

त्याच्या चेहऱ्यावर अशी काही आस होती की तिने काठी बसमध्ये ठेवून दिली.

"न झेपायला काय झालं?"

पायऱ्या शहाण्णव होत्या. चाळिसाव्या पायरीपासून कळ मांडीपर्यंत जायला लागली. मागून येणारा हॉलिस दर वळणावर विचारायचा, त्रास होतोय का. ती हसून सांगायची, छे, घरच्या जिन्यासारखं तर आहे. वर वारा होता. तळ्यातून पांढरी जहाजं ओळीने चालली होती. हॉलिसचे डोळे भरून आले.

"आता मला धीर आला," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपल्याला अर्थ कळला.

पुढचे दोन दिवस ती गुडघ्यांवर बर्फ ठेवून पडून होती. सर्दी झालीय असं तिने बेव्हकरवी हॉलिसला कळवलं. त्या दोन दिवसांत तिने एकच वाक्य मनाशी घोळवून घोळवून पक्कं केलं.

टॅम्पाला उतरल्यावर बेव्ह सामानाकडे गेली. हॉलिस बाहेर जाणाऱ्यांच्या गर्दीत नव्हता. तो पलीकडे, नव्याने जहाजात चढणाऱ्यांच्या दाराशी उभा होता. नेल्डा काठी टेकत त्याच्यापर्यंत पोचली.

"हॉलिस, मला तुम्हाला एक सांगायचंय."

पण तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघून हात हलवत होता. एक बारीकशी बाई, हातात काठी, एकेक पाऊल जपून टाकत येत होती.

"कॉरिन," तो म्हणाला, "ह्याच त्या नेल्डा."

बाईने नेल्डाचे दोन्ही हात धरले.

"तुमचे फार उपकार झाले. ऑपरेशन झाल्यापासून मी कुठे जायलाच तयार नव्हते. मग हॉलिसला म्हटलं, आधी तू एकटा फिरून ये, मला काय झेपेल ते बघ. रोज फोनवर सांगायचा, नेल्डाचे गुडघे अगदी तुझ्यासारखेच आहेत." ती हसली. "आता ह्याच जहाजाने दोघं निघतोय. बाकीच्या सहली नंतर ठरवू. पण तो मनोरा मी आजच नोंदवणार. तुम्ही काठीशिवाय चढलात, मी निदान काठी घेऊन तरी चढेन."