तिथीची जागा

भीमा बाभळींतून मागच्या दारी आला तेव्हा चांगुणा पाट्यावर पुरण वाटत होती. तिच्या हातातला वरवंटा थांबला.

"वरडू नगंस. मी हाय. जित्ता हाय."

तिनं आधी त्याचे पाय पाहिले, मग सावली. मग नवऱ्याला आत ओढून कडी घातली.

घाटावर हलगी वाजत होती. तीन वर्षं प्रवरा कोरडी होती. वर रतनगडाच्या डोहात साती आसरांनी, त्या सात जळदेवतांनी, तिचं पाणी कोंडून धरलं होतं. सोडायचं तर त्यांना एक जीव हवा होता. अख्खं कोल्हार माना खाली घालून बसलं, तेव्हा एकटा भीमा उठला. तो गेला आणि नवव्या दिवशी नदी आली. तो आला नाही. गावानं घाटावर त्याचा वीरगळ उभा केला. आज पहिला निवद.

बायकांचं गाणं भिंतीपलीकडून येत होतं :

नदीच्या पाण्याला, माझ्या भीमाचं गं नाव
ओंजळ भरून, पितो अवघा माझा गाव

"कुनी रचलं गं?"

"मीच."

तो लाजल्यासारखा हसला. "दगड झ्याक झालाय. बाभळींतनं बघितला. घोड्यावर बशिवलंय मला. मी कवा बसलो घोड्यावर?"

"लग्नात. रंगनाथबाबांच्या ध्यानात हुतं, त्यांनीच कोरलं. तिथीची जागा तेवढी मोकळी सोडलीया. कवा गेला ते कुनाला ठावं, म्हनले."

चांगुणानं त्याच्या फुटलेल्या टाचांना तेल लावलं. मान वर न करता विचारलं, "आसरांनी सोडलं कसं तुमास्नी?"

"सबूद दिला. म्हनलं, पानी सोडा, बायकोचं तोंड बघून माघारी येतो."

"मग कवा निघायचं?"

"येडी का काय? पानी तर आलं!" त्यानं तिचा हात धरला. "डोहाच्या काठावर उभा ऱ्हायलो, अन् तूच दिसाया लागलीस. जमलंच न्हाई बघ. राहात्याला आतेभाऊ हाय, त्याची पेरूची बाग हाय. दोघं जाऊ. हितं भीमा मेला तर मेला."

ती खिडकीशी गेली. सकाळी पाण्याखाली असलेल्या घाटाच्या चार पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. अजून ओल्या होत्या. खालच्या पायरीवर एक म्हातारी तांब्या घेऊन वाकली होती. तिचा हात पाण्याला पुरत नव्हता.

"जाऊ," चांगुणा म्हणाली. "पर आधी जेवा."

"हाच वाढ की. माजाच निवद!"

"त्यो दगडाचा. अळनी हाय. तुमास्नी ताजं करते."

ती परसात जाऊन आली, पाट्यावर पुन्हा काही वाटलं. मग पिठलं केलं, भाकरी थापली. तो उकिडवा बसून भराभरा जेवला.

"कडवट लागतंय गं जरा."

"लई दिसांनी जेवताय. तोंड आलं असंल."

"तू न्हाई बसत?"

"आज उपास हाय माजा."

तो हसला, पाण्याचा तांब्या रिता केला आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून निजला. ती त्याच्या केसांतली गवताची कुसळं वेचत राहिली, सगळी निघेपर्यंत.

मग तिनं पत्रावळ कुत्र्याच्या तोंडी लागू नये म्हणून परसात खोल पुरली. पाटा तीनदा धुतला. निवदाचं ताट पदराखाली झाकून ती घाटावर आली. म्हातारीचा तांब्या आता बुडत होता. चांगुणानं वीरगळापुढं ताट ठेवलं आणि शेजारी बसलेल्या रंगनाथबाबांना म्हणाली, "बाबा, छिन्नी घ्या. तिथी घाला. आजची."